पहिल्या गोळीनंतर

थोडं लांब लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा. एरवी आपण इथं पाणी, रस्ता, पीकविमा, लोडशेडिंग यावर भांडतो. आजचं माझ्याबद्दल आहे. पण ते फिरून आरोग्य खात्याच्या बातमीलाच येऊन मिळतं, म्हणून इथंच टाकतोय.

मला नैराश्याचा आजार आहे. डिप्रेशन. नऊ वर्षं झाली. गोळी सुरू आहे आणि बातम्याही सुरू आहेत. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी लगेच फोन करू नका, मी ठीक आहे. आधी पूर्ण वाचा.

एप्रिल 2016 आठवतोय का? मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जात होती, आपल्याच लाइनवरून. स्टेशनात गाडी बघायला माणसं जमायची. म्हातारी माणसं हात जोडायची, पोरं वाघिणी मोजायची. मी फोटो काढले, दोन माणसांशी बोललो, बातमी पाठवली, दुसऱ्या दिवशी ती चांगली लागली. पण त्या गर्दीत उभा असताना मला काहीच वाटत नव्हतं. गाडी आल्याचा आनंद नाही, पाणी रेल्वेनं आणायची वेळ आली याचा राग नाही. आत दगड ठेवल्यासारखं. घरी येऊन जेवलो, जेवण कागदासारखं लागलं. तेव्हा वाटलं ऊन बाधलं असेल.

ते ऊन उतरलंच नाही. पहाटे तीनला जाग, मग छताकडं बघत बसायचं. फोन वाजला की छातीत धस्स. दाढी करायची म्हणलं तरी डोंगर. चार ओळींची बातमी लिहायला दोन तास. सगळ्यात वाईट म्हणजे हे कुणाला दिसत नव्हतं. मी रडत नव्हतो. पत्रकार परिषदेत प्रश्न विचारायचो, चहाच्या टपरीवर हसायचो सुद्धा. डोक्यावर पांघरूण घेऊन झोपलेला माणूस म्हणजे डिप्रेशन, अशी आपली समजूत. पण एक प्रकार असा असतो की माणूस हिंडता-फिरता असतो आणि आतून विझलेला असतो. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक सगळे दिवस असंच राहिलं तर डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात, पूर्वी डिस्थायमिया म्हणायचे. मी त्याला मुरलेलं नैराश्य म्हणतो. भिंतीला ओल धरते तसं. पोपडा पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. तोवर घरचे म्हणतात, "ह्याचा स्वभावच असा झालाय."

माझ्या बायकोनं एक दिवस सरळ सांगितलं, "तुम्ही घरात असता, पण घरात नसता." आईनं तिच्या पद्धतीनं अंगारा लावला, दंडाला दोरा बांधला. मी बांधून घेतला. त्या माऊलीला दुसरं काय सुचणार?

उपचाराची माझी गोष्ट सरळ नाही, आणि तेच सांगायचं आहे.

पहिलं वर्ष-दीड वर्ष मी एका ओळखीच्या दवाखान्यात जात होतो. अशक्तपणा म्हणून बी-12 ची इंजेक्शनं, सलाइन, आणि रात्री एक झोपेची गोळी. झोप लागायची. सकाळी डोकं जड आणि दगड जागेवर. नंतर कळलं की ही झोपेची गोळी महिनोन् महिने घेतली की तिचीच सवय लागते, आणि नैराश्यावर तो इलाजच नाही. सवय लागते ती या गोळ्यांची. नैराश्यावरच्या गोळीची तशी चटक लागत नाही, पण बदनाम तीच झाली. आपल्या भागात किती घरांत उशाखाली ही झोपेची पाकिटं आहेत ते मेडिकलवाल्यांना विचारा.

मग एका मित्रानं सोलापूरला मानसोपचारतज्ज्ञाकडं नेलं. तोंडाला रुमाल बांधून गेलो होतो, खोटं कशाला सांगू. फ्लुओक्सेटिन सुरू झालं. आठ दिवस मळमळ, नंतर महिनाभर काहीच नाही. मी गोळी सोडली. मनात ठरवूनच टाकलं की आपल्याला औषध लागू पडत नाही, म्हणजे हा आजारच नाही, आपणच नालायक आहोत. बघा, आजार स्वतःच्या बाजूनं वकिली कशी करतो.

वर्षभरानं परत गेलो. दुसरी गोळी, एस्सिटालोप्राम. तिनं फरक पडला. तीन महिन्यांत भाकरीला चव आली. मग काय, बरा झालो म्हणून मीच बंद केली, तीही एका दिवसात. चार दिवस डोक्यात झिणझिण्या, चक्कर, विजेचा झटका बसावा तसं. आणि दोन महिन्यांत दगड परत जागेवर, पहिल्यापेक्षा जड. त्यानंतर लॉकडाऊन आला. त्या दिवसांबद्दल एवढंच सांगतो की मरणाचे विचार यायचे, आणि बायको रात्री जागी असायची.

तिसऱ्या वेळी भेटलेल्या डॉक्टरनं आधी रक्त तपासलं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर. थायरॉईड कमी असेल तरी माणूस असाच मंदावतो, म्हणून ते आधी बघायचं असतं. मी तावातावानं म्हणलं, "डॉक्टर, दोन गोळ्या झाल्या, आपल्याला लागूच पडत नाहीत." ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना बीपीची पहिली गोळी पुरली होती का?" नव्हती पुरली. तीनदा बदलली, शेवटी दोन मिळून चालल्या. तेव्हा आम्ही कुणी म्हणलं नव्हतं की अण्णांना बीपी नाहीच, त्यांचा स्वभावच तसा आहे.

मला इतकी वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगतो. अमेरिकेत साधारण चार हजार रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला होता. पहिल्या गोळीनं पूर्ण बरं वाटलेले लोक फार तर एक तृतीयांश. म्हणजे पहिली गोळी पुरेशी न पडणं हेच जास्त लोकांचं होतं. त्यात विशेष काही नाही आणि तुमचा दोषही नाही. गोळीचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात नाही जमलं तर आधी डोस वाढवून बघतात. मग गोळी बदलतात. मग पहिल्या गोळीला दुसरं औषध जोडतात, उदाहरणार्थ लिथियम, पण त्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची. ज्यांचा आजार मुरलेला आहे किंवा पुन्हा पुन्हा उलटतो त्यांना दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि बंद करायची तर डॉक्टरला विचारून, हळूहळू उतरवत. मी नेमकं याच्या उलट केलं.

आता शॉकबद्दल. हे नाव घेतलं की हिंदी सिनेमा डोळ्यांपुढं येतो, हातपाय बांधलेला माणूस आणि दात-ओठ. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ही ट्रीटमेंट द्यायला बंदी आहे. माणूस झोपेत असतो. ज्यानं अन्नपाणी सोडलं आहे, ज्याचा जीव धोक्यात आहे, ज्याला चार औषधं देऊन उपयोग झाला नाही, त्याच्यासाठी हा आजही सगळ्यात परिणामकारक उपायांपैकी एक. आठवड्यात दोन-तीन वेळा, अशा सहा ते बारा बैठका. मधल्या काळातलं काही काही विसरायला होतं, ते बहुतेक करून भरून येतं. मला त्याची गरज पडली नाही. पण ज्यांना पडली त्यांच्या घरच्यांनी गुन्हा केल्यासारखं लपवायचं कारण नाही. पुण्या-मुंबईकडं चुंबकाची ट्रीटमेंट आहे, केटामाइन आहे. ती पाचवी-सहावी पायरी. आपण येडशीची माणसं दुसऱ्या पायरीवरच घसरतोय.

गोळीइतकाच मला उपयोग झाला तो एका समुपदेशक बाईंचा. मला वाटलं होतं, बाई लहानपणीचं काहीतरी विचारणार. त्यांनी वही आणायला सांगितली. रोज काय केलं आणि ते करताना कसं वाटलं, एवढंच लिहायचं. मग म्हणाल्या, पूर्वी काय आवडायचं? म्हणलं, पहाटे रामलिंगाच्या बाजूला चालत जायला. "मग उद्यापासून जा." मी म्हणलं, मन होत नाही. त्या म्हणाल्या, "मनाला विचारूच नका. पाय आधी न्या, मन मागून येतं." पहिल्या दिवशी जेमतेम अर्ध्या वाटेपर्यंत गेलो. वहीत लिहिलं, काही वाटलं नाही. असं एकोणीस दिवस लिहिलं. विसाव्या दिवशी अभयारण्यातल्या एका माकडानं माझ्या हातातली बिस्किटं ओढून नेली आणि मला हसू आलं. वहीत लिहिलंय ते. तारखेसकट.

हे काही फार मोठं शास्त्र वाटत नाही ना? पण आहे. गोव्यात संगात नावाची संस्था आहे, 1996 पासूनची. त्यांनी तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच करून बघितलं. सल्ला देणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवीवाले पण नव्हते. गावातलीच शिकलेली माणसं, त्यांना प्रशिक्षण दिलं. एका रुग्णाला सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी बघितलं तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 39 टक्के लोक नैराश्याच्या पातळीखाली आले होते, आणि ज्यांना या बैठकाही मिळाल्या त्यांच्यात 64 टक्के. हे 2017 साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. आणि हे साधे उदास लोक नव्हते, बऱ्यापैकी तीव्र आजाराचे होते.

गोव्याचं सोडा, आपल्याच राज्यात अमरावती जिल्ह्यात याच लोकांनी 30 गावांत विश्राम नावाचा प्रकल्प केला. आत्महत्यांनी पोळलेला भाग. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांत जेमतेम चार जण कुठंतरी उपचाराला गेलेले होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणं, तिथंच समुपदेशन, लागेल त्याला डॉक्टर, असं दीड वर्ष केल्यावर तो आकडा 27 वर गेला. आपल्या जिल्ह्यात तर अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' उभ्या केल्या, त्यालाही आता वर्षं झाली. म्हणजे गावातल्या कमी शिकलेल्या बाईला आरोग्याचं काम जमतं का, हा प्रश्न निदान धाराशिव जिल्ह्यानं तरी विचारू नये.

आणि सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. 2015 साली बळीराजा चेतना अभियान सुरू झालं ते यवतमाळ आणि आपल्या जिल्ह्यात. त्याच वर्षी चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला. आशाताईंनी घरोघर प्रश्नावली भरायची, कुणाला किती त्रास आहे ते बघून समुपदेशकाकडं, डॉक्टरकडं पाठवायचं. कागदावर चांगली योजना. मी त्याची बातमी केली होती. तेव्हा मी स्वतः त्या प्रश्नावलीत बसलो असतो, पण आमच्या घरी आल्यावर आशाताईंना मीच म्हणालो होतो, "आमच्याकडं तसलं काही नाही, पुढं जा."

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट कबूल करतो. वीस वर्षांत शेतकरी आत्महत्येच्या किती बातम्या केल्या, मोजलेल्या नाहीत. साचा पाठ आहे: नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून. एकदाही मी लिहिलं नाही की हा माणूस सहा महिने झोपत नव्हता, जेवत नव्हता, आणि त्याला कुणी डॉक्टरकडं नेलं नाही. घरचेही ते सांगत नाहीत. कारण मदतीच्या एक लाखाला प्रकरण पात्र ठरायचं तर नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे दिसावं लागतं. अशा वेळी आजाराचं नाव कोण घेईल? लाख रुपयांसाठी आजार झाकायचा, आणि त्याच घरातली बाई पुढची दहा वर्षं तोच आजार घेऊन जगते, तर तिच्याकडं बघायला कुणी नाही.

कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, "सोयाबीनला भाव द्या, डिप्रेशन आपोआप जाईल." भाव द्याच. त्यासाठी मी पण तुमच्यासोबत रस्त्यावर येतो. गोळीनं कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. पण बँकेत जाऊन पुनर्गठनाचा अर्ज करायला, विमा कंपनीला तक्रार द्यायला, भावकीशी वाटणीचं बोलायला माणसात जीव लागतो. हा आजार नेमका तो जीव काढून घेतो. मला चार ओळी लिहायला दोन तास लागायचे, तिथं तलाठ्याकडं चार चकरा कोण मारणार? दोन्ही लढाया एकाच माणसाला लढायच्या आहेत.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी चुलत बहीण. नाव देत नाही. वय चाळीसच्या आत. दुसऱ्या बाळंतपणापासून तिचं हे सुरू आहे, म्हणजे बारा वर्षं. आधी बाहेरचं बघून झालं. मग "कामाचा कंटाळा करते" हे झालं. दोन वर्षांपूर्वी मीच तिला एका सरकारी दवाखान्यात नेलं. गोळी सुरू झाली आणि लागू पण पडली. पोरं म्हणायला लागली, मम्मी बोलते आता. सहा महिने चाललं. मग एकदा गेली तर ती गोळी शिल्लक नव्हती. बाहेरून घ्या म्हणाले. घेतली. पुढच्या महिन्यात डॉक्टर रजेवर. त्याच्या पुढच्या महिन्यात सोयाबीनची काढणी. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, ते खरं, पण तिकिटाचा प्रश्नच नव्हता. काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, सासूला सांगून, वीसेक किलोमीटर जाऊन, रांगेत उभं राहून दहा रुपयांच्या गोळ्या आणायच्या. नाही गेली. आता ती परत भिंतीकडं तोंड करून झोपते.

तिच्या सासरचे म्हणतात, औषध करून बघितलं, गुण नाही आला. पण गुण आला होता! तुटली ती साखळी.

देशपातळीवर निम्हान्सनं 2015-16 मध्ये सर्वेक्षण केलं, त्यात नैराश्य असलेल्या दहांपैकी आठांहून जास्त लोक उपचाराच्या बाहेर निघाले. त्यात आपला महाराष्ट्र नव्हता, बारा राज्यं दुसरी होती. पण चित्र वेगळं असेल असं मानायला मी तयार नाही. राज्यातली जुनी चार सरकारी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथं आहेत. मराठवाड्यात एकही नाही. खरं तर माझ्या बहिणीला मनोरुग्णालय नकोच आहे. तिला महिन्याला तीस गोळ्या आणि "ताई, गोळी घेतली का" विचारणारं माणूस पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत, मोठ्या मागण्यांचं काय होतं ते आपण बघतोच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकानं ग्रामीण रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांत ठरल्या दिवशी यायचं असतं. तो दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, लसीकरणाचा लिहितो तसा. डॉक्टरनं एकदा ठरवून दिलेली गोळी पुढचे महिने गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळू द्या, बीपी-शुगरची देता तशी. ज्यानं गोळी न्यायची थांबवली त्याच्या घरी आशाताई जाऊ द्या, क्षयरोगाच्या पेशंटकडं जातात तशा, आणि या कामाचे पैसे त्यांना वेगळे द्या. याचं निवेदन तयार केलं आहे. आरोग्य अधिकाऱ्यांना देणार आहे. सह्या पाहिजेत. स्वतः पेशंट असाल तर सही करायची गरज नाही, भावानं, पोरानं, मित्रानं केली तरी चालेल.

तोवर एक नंबर लिहून ठेवा: 14416. टेलिमानस. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर आजच लावा, आणि घरात एका माणसाला सांगा. पोलिसांची भीती बाळगू नका. ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच 2017 चा कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा नाही, उलट उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. आणि घरातलं कुणी असं बोललं तर "नाटक करतोय" म्हणू नका. माझी बायको म्हणाली नाही, म्हणून मी हे लिहू शकतोय.

मी पूर्ण बरा आहे का? दहापैकी सात दिवस चांगले जातात. पूर्वी दहापैकी एक जायचा. पहाटेचं चालणं चुकलं की मागच्या दाराने काहीतरी आत आल्यासारखं वाटतं, आणि मी वही काढतो. गोळी अजून वर्षभर तरी आहे, म्हणाले डॉक्टर. असू दे. अण्णांची बीपीची पण आहे.

सोमवारी मी बहिणीला घेऊन धाराशिवला जिल्हा रुग्णालयात जातोय. सासूबाईंशी बोलणं झालंय, त्या म्हणाल्या, "जा बाबा घेऊन, म्हशीचं मी बघते." सकाळी आठला येडशी स्टँडवर असू. कुणाला आपल्या माणसाला न्यायचं असेल पण एकटं जायचं धाडस होत नसेल, तर या. कशासाठी आलात ते कुणी विचारणार नाही. जुना केसपेपर आणि चालू गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवा, डॉक्टर आधी तेच मागतात.